पायातली आग आणि पाठीतले यंत्र

पाठीच्या कण्यात तार सोडून विजेने दुखणे शमवता येते, असे कोणी सांगितले तर आपल्यापैकी निम्मे लोक हसतील आणि उरलेले निम्मे त्या डॉक्टरांचा पत्ता विचारतील. गेल्या वर्षभरात ही दोन्ही प्रकारची माणसे मी आमच्याच घरात पाहिली. हसणारे काय आणि पत्ता विचारणारे काय, त्या यंत्राविषयी कोणीच काही वाचलेले नव्हते. मी पदार्थविज्ञानाची विद्यार्थिनी आहे. विद्युतप्रवाह, कंपनसंख्या, बॅटरी हे शब्द मला परके नाहीत. म्हणून या विषयात जरा खोल गेले, आणि माझे जे मत बनले ते येथे मांडते आहे. आपल्या अंकात सहसा कविता, सहलीचे वृत्तांत आणि 'विज्ञान : शाप की वरदान' अशा थाटाचे लेख असतात. हा लेख त्यांत थोडा आगंतुक वाटेल, पण त्याला इलाज नाही.

प्रथम प्रकरण काय आहे ते सांगते. माझे थोरले मामा निपाणीजवळच्या एका खेड्यात राहतात. तीस वर्षे त्यांनी तंबाखूच्या वखारीत पोती उचलली. मणक्यातली गादी सरकली म्हणून एक ऑपरेशन झाले, दोन वर्षांनी दुसरे झाले. पाठ आता बऱ्यापैकी आहे. डावा पाय मात्र कुल्ल्यापासून अंगठ्यापर्यंत रात्रंदिवस जळतो. थंडीतसुद्धा त्या पायावर पांघरूण सोसत नाही. दिवसा ते चालतात, म्हशीला वैरण टाकतात, चावडीवर जाऊन बसतात, त्यामुळे भावकीत असे बोलले जाते की, "चालतोय की चांगला, मग दुखतंय कुठं?" मला वाटते, पायातल्या आगीइतकेच हे वाक्यही त्यांना भाजते.

एका मोठ्या शहरातील मोठ्या दवाखान्यात त्यांना नेले. तेथे दहा मिनिटांत सांगण्यात आले की आता यंत्र बसवणे हाच मार्ग आहे. खर्चाचा आकडा काही लाखांचा होता. घरी येऊन हिशेब झाला तेव्हा कळले की वीस गुंठे रान विकल्याशिवाय तो भागणार नाही. सोबत एक इंग्रजी माहितीपत्रक दिले होते. त्यावर एक पांढऱ्या केसांचा हसरा साहेब गोल्फ खेळत होता. मामांनी ते बराच वेळ न्याहाळले आणि मला म्हणाले, "पोरी, ह्यो माणूस कवा दुखणाईत हुता?"

आता यंत्राविषयी. इंग्रजीत त्याला स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर म्हणतात. आपण मज्जारज्जू-उत्तेजक म्हणू. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर, हाड आणि आवरण यांच्यामध्ये, एक अरुंद पोकळी असते. त्या पोकळीत सुईवाटे शेवयासारखी बारीक तार सरकवतात. तारेच्या टोकाशी धातूची लहान कडी असतात, पुष्कळदा आठ. तारेचे दुसरे टोक कातडीखालून नेऊन कमरेच्या बाजूला किंवा कुल्ल्याच्या वरच्या भागात बसवलेल्या लहानशा डबीला जोडतात. डबीत बॅटरी आणि स्पंदने निर्माण करणारे मंडल असते. हृदयाच्या पेसमेकरचाच हा भाऊ. जुन्या पद्धतीत सेकंदाला चाळीस-पन्नास स्पंदने सोडतात. जिथे दुखत होते तिथे रोग्याला मंद मुंग्या जाणवतात आणि दुखणे त्या मुंग्यांखाली दबते. नव्या यंत्रांत सेकंदाला दहा हजार स्पंदनांचीही सोय असते, आणि त्यात मुंग्या जाणवत नाहीत. अमेरिकेत अशा यंत्राला २०१५ मध्ये सरकारी मान्यता मिळाली. मुंग्याच नाहीत तर दुखणे दबते कसे, याविषयी शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही.

एक गोष्ट येथेच स्पष्ट केली पाहिजे, कारण ती मामांना कोणी सांगितली नव्हती. हे यंत्र मूळ बिघाड दुरुस्त करीत नाही. चिरडलेली नस चिरडलेलीच राहते. यंत्र फक्त तिच्याकडून येणारी वर्दी वाटेत अडवते किंवा बोथट करते.

ही कल्पना अगदी नवी नव्हे. रोमन वैद्य स्क्रिबोनिअस लार्गस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात डोकेदुखीवर आणि संधिवातावर विजेचा झटका देणारा जिवंत मासा लावण्याचा उपाय लिहून ठेवला आहे. मासा बॅटरीपेक्षा स्वस्त पडत असावा! परंतु या विषयाला शास्त्राचा पाया मिळाला तो १९६५ साली. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक लेख लिहून असे प्रतिपादन केले की वेदनेची वर्दी शरीरातून मेंदूकडे सरळ तारेसारखी जात नाही. मज्जारज्जूत तिला एक दार ओलांडावे लागते. स्पर्शाची वर्दी जाड तंतूंतून येते, वेदनेची बारीक तंतूंतून. जाड तंतू जागे झाले की दार ओढले जाते. कोपर चौकटीवर आपटले की आपण नकळत ते चोळतो, लेकरू पडले की आई फुंकर घालते आणि हात फिरवते. ते दार लोटण्याचेच काम आहे. सिद्धांताच्या बारीकसारीक तपशिलांत पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण वाटेत दार आहे ही कल्पना टिकली.

मग ओघानेच प्रश्न आला की विजेने ते दार मुद्दाम लोटता येईल काय? वॉल आणि विल्यम स्वीट यांनी प्रथम स्वतःच्याच चेहऱ्यातील नसेवर प्रयोग केला आणि १९६७ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षी नॉर्मन शीली या शल्यविशारदाने अमेरिकेत कर्करोगाने पीडित अशा एका वृद्धाच्या मज्जारज्जूशी पहिले यंत्र बसवले. यंत्राची जुळणी थॉमस मॉर्टिमर या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने केली होती. (आपल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मित्रांनी ही ओळ दोनदा वाचावी.) रोगी फार दिवस जगला नाही, पण त्याच्या वेदना उणावल्या. पुढे शीलींचे मन या यंत्रातून उठले आणि ते समग्र उपचारांकडे वळले. त्या विचाराच्या डॉक्टरांची जी संघटना १९७८ मध्ये अमेरिकेत निघाली तिचे ते संस्थापक होते. यंत्र मात्र त्यांच्यावाचून पुढे गेले, कारण एव्हाना त्यामागे कारखाने उभे राहिले होते.

इथपर्यंतचा इतिहास मी मामांना सांगितला तेव्हा त्यांनी मन लावून ऐकला आणि एकच प्रश्न विचारला: "गुण किती जणांस्नी आला?" साऱ्या वादाचे मूळ त्या प्रश्नात आहे. माहितीपत्रकात त्याचे उत्तर नव्हते. शोधले तर उत्तर मिळते, पण ते एकच एक नाही.

यंत्राच्या बाजूने सर्वांत अधिक सांगितला जातो तो २००७ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग. कॅनडातील डॉ. कृष्ण कुमार त्यात प्रमुख होते. पाठीचे ऑपरेशन होऊनही पाय दुखत राहिलेले, म्हणजे थेट आमच्या मामांच्या जातीचे, शंभर रोगी घेतले. काहींना औषधोपचारासह यंत्र, काहींना नुसता औषधोपचार. सहा महिन्यांनी यंत्रवाल्यांपैकी ४८ टक्के लोकांचे पायाचे दुखणे निम्म्याने किंवा अधिक कमी झाले होते. नुसत्या औषधावर असलेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. फरक मोठा आहे, आणि तो नाकारण्याचा माझा हेतू नाही. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधील 'नाइस' या सरकारी संस्थेने नसेच्या दुखण्यासाठी या यंत्राची शिफारस केली, ती याच जातीच्या पुराव्यावर. मात्र त्याच प्रयोगात वर्षभरात सुमारे एक-तृतीयांश यंत्रधारकांना यंत्रामुळे काही ना काही उपद्रव झाला, आणि प्रयोगाचा खर्च यंत्र बनवणाऱ्या कंपनीनेच केला होता, या दोन गोष्टीही त्याच कागदावर आहेत. शिवाय रोग्याला आपल्या पाठीत यंत्र आहे हे ठाऊक होते. औषधाच्या प्रयोगात साखरेची गोळी देऊन फसवता येते. मुंग्या आणणाऱ्या यंत्राच्या बाबतीत फसवणार कसे?

मुंग्या न आणणारी यंत्रे आली आणि ते शक्य झाले. नॉर्वेतील संशोधकांनी अशा ५० रोग्यांवर केलेला प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांच्या पाठीत यंत्र होते. तीन-तीन महिन्यांच्या पाळ्या लावून कधी ते चालू ठेवले, कधी रोग्याला न कळवता बंद. दैनंदिन हालचालींतील अडचण मोजण्याची जी गुणपद्धती आहे तीत यंत्र चालू असताना १०.६ गुणांची सुधारणा दिसली, बंद असताना ९.३. म्हणजे फरक जवळपास नाही. यंत्राच्या समर्थकांनी आक्षेप घेतला की स्पंदने सोडण्याची जी रीत तेथे वापरली ती प्रचलित रीत नव्हती. आक्षेपात तथ्य असू शकेल. पण २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या समीक्षकांनी कंबरदुखीवरील १३ प्रयोग, एकूण ६९९ रोगी, एकत्र तपासून जो निष्कर्ष काढला तोही यंत्राला फारसा अनुकूल नाही. प्रयोगाच्या चौकटीबाहेर सरसकट हा उपचार करावा इतका पुरावा नाही, असे त्यांचे म्हणणे पडले.

नॉर्वेच्या प्रयोगाची गोष्ट मी घरी सांगितली आणि मामेभाऊ लगेच म्हणाला, "म्हणजे दुखणं मनाचंच म्हण की!" हा अर्थ साफ चुकीचा आहे, आणि त्याला येथे उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. यंत्र बंद असतानाही त्या लोकांना बरे वाटले याचा अर्थ त्यांचे दुखणे खोटे होते असा होत नाही. दुखण्याची वर्दी मेंदूपर्यंत नेणाऱ्या वाटेवर मेंदूचाही ताबा चालतो. भरवसा, काळजीने झालेली विचारपूस, आता काहीतरी होते आहे ही आशा यांनीही दार थोडेफार लोटले जाते. आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली तेव्हा एक टीप मुद्दाम जोडली की माणूस दुखते म्हणतो त्या म्हणण्याचा मान राखला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या नव्या यादीतही, म्हणजे २०२२ पासून लागू झालेल्या यादीत, जुनाट वेदनेला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. तीन महिन्यांहून अधिक टिकलेले दुखणे हे कशाचे तरी लक्षण म्हणून सोडून न देता आजार म्हणूनच पाहावे, असा त्यामागचा विचार. भावकीतल्या लोकांनी हे वाचावे अशी माझी फार इच्छा आहे, पण ते हा अंक वाचणार नाहीत.

यंत्र खरे की खोटे या वादापेक्षा मला एक निराळीच गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते, आणि तीच या लेखाचे कारण आहे. हे यंत्र सगळ्या दुखण्यांवर चालत नाही. सांध्याच्या झिजेचे दुखणे, स्नायूचे दुखणे, मुरगळल्याचे दुखणे यांवर ते सहसा निरुपयोगी. उपयोग झालाच तर तो नसेच्या दुखण्यावर. मग दुखणे नसेचे आहे हे ओळखायचे कसे? क्ष-किरणात ते दिसत नाही. एमआरआयमध्ये दबलेली नस दिसेल, पण दबलेली नस असून न दुखणारी माणसेही पुष्कळ असतात. ओळखण्याचे पहिले साधन म्हणजे रोग्याचे शब्द. मेल्झॅक यांनीच १९७५ मध्ये दुखण्याची ७८ विशेषणे वीस गटांत लावून प्रश्नावली तयार केली. फ्रान्समधील संशोधकांनी २००५ मध्ये त्याहून सुटसुटीत पद्धत काढली. तिच्यात एकंदर दहा गुण. सात गुण शब्दांचे: जळजळ, बोचणारा गारठा, विजेचा झटका, मुंग्या, टाचण्या टोचणे, बधिरपणा, खाज. उरलेले तीन डॉक्टरांनी स्पर्श करून, टोचून आणि ब्रश फिरवून पाहायचे. दहापैकी चार आले की दुखणे नसेचे असण्याचा संभव बराच.

आता मराठी माणसाला दुखण्याच्या शब्दांची वाण आहे काय? कळ वेगळी, चमक वेगळी, ठणका वेगळा. ठसठस गळवात असते, शिणक दातात. उसण कमरेत भरते, पेटका पोटरीत येतो, सल आत रुतून राहतो. मामांना शब्द शोधावा लागत नाही. ते म्हणतात, "पाय पेटल्यागत हाय बघ. मधनंच करंट बसतोय. रातच्याला इंगळ्या डसल्यागत हुतंय, आन् बोटं तर मेल्यागत." या चार वाक्यांत जळजळ, झटका, टोचणी, बधिरपणा असे चार गुण जागच्या जागी पडले!

पण त्या मोठ्या दवाखान्यात त्यांना हे कोणी विचारलेच नाही. तिथल्या डॉक्टरांनी हिंदीत विचारले, "दर्द कितना है? दस में से कितना?" मामा म्हणाले, "लई." डॉक्टरांनी कागदावर आठ लिहिले. आकडा गेला, शब्द राहिले. आणि त्या आठ आकड्यावर वीस गुंठ्यांचा प्रस्ताव उभा राहिला.

याच्या उलट अनुभव इथल्या एका सरकारी दवाखान्यात आला. तिथल्या तरुण डॉक्टर बाई कानडी. त्यांना मराठी थोडेथोडे कळते, बोलता येत नाही. मामांचे कानडी बाजारापुरते. पण तीस वर्षे बाजार केलेल्या माणसाला 'नोवु' आणि 'उरि' यांतला भेद ठाऊक असतो. पायाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "नोवु अल्ल, बाई. उरि. उरि." दुखणे नव्हे, आग. बाईंनी कागद बाजूला ठेवला आणि पुढे अर्धा तास खाणाखुणांनी, अर्ध्या कानडीने, पाव मराठीने पाय तपासला. कापसाचा बोळा फिरवला, मामा कळवळले. टाचणी लावली तर अंगठ्यावर काहीच कळले नाही. बाईंनी ज्या गोळ्या दिल्या त्या नसेच्या दुखण्यावरच्या. अशा दुखण्यावर जगभर प्रथम दिली जाणारी जी थोडी औषधे आहेत त्यांतलीच, आणि महिन्याचा खर्च निपाणीहून त्या शहराला जाण्यायेण्याच्या भाड्याहून कमी. दोन ऑपरेशने होऊन गेली, लाखांचे यंत्र सुचवले गेले, पण या गोळ्या पुरेशा मात्रेत, पुरेसे दिवस याआधी कोणीच दिल्या नव्हत्या. आग विझली नाही. मामा आता रात्री सलग चार तास झोपतात. ज्याने तीन वर्षे सलग दोन तास झोप पाहिली नाही त्याला चार तास म्हणजे काय, ते विचारून पाहावे.

आपल्या भागात दुकानाच्या पाट्या कोणत्या लिपीत असाव्यात यावर पुष्कळ शक्ती खर्च होते. त्या वादात येथे शिरण्याचा माझा विचार नाही. पण रोगी ज्या कागदावर सही करतो किंवा अंगठा उठवतो तो कागद त्याला कळणाऱ्या भाषेत असावा, ही मागणी मराठी विरुद्ध कानडी अशी होऊच शकत नाही. आज तो बहुधा दोन्ही भाषांत नसतो. तो इंग्रजीत असतो. शरीरात परकी वस्तू कायमची बसवायची आणि तिच्याविषयीचा एकही शब्द माणसाला वाचता येऊ नये, याला संमती म्हणायचे असेल तर शब्दाचा अर्थच बदलावा लागेल.

त्या कागदात काय असायला हवे? पहिली गोष्ट, चाचणी. कायमचे यंत्र बसवण्याआधी तार तेवढी आत सोडून डबी शरीराबाहेर ठेवायची आणि काही दिवस पाहायचे, अशी रीत आहे. दुखणे निम्म्याने कमी झाले तरच पुढे जायचे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२० मध्ये डॉक्टरांना पत्र लिहून ही चाचणी करण्याची पुन्हा आठवण दिली, कारण चार वर्षांत त्यांच्याकडे या यंत्रांविषयी एक लाखाहून अधिक अहवाल जमा झाले होते, आणि त्यांत आराम न पडल्याच्या नोंदी बऱ्याच होत्या. प्रत्येक अहवाल म्हणजे यंत्राचाच दोष असे नाही, हे मान्य. चाचणीत उत्तीर्ण झाले म्हणजे पुढे सारे सुरळीत, असेही नाही. नॉर्वेचे पन्नासही जण चाचणीत उत्तीर्ण झालेलेच होते. चार दिवसांच्या आशेने दुखणे हटते आणि चार महिन्यांनी परत येते, असेही होते. पण चाचणीच टाळून एकदम ऑपरेशनची तारीख देणाऱ्याकडून उठून यावे, असे माझे मत आहे. मामांना आधी तारीख मिळाली होती.

दुसरी गोष्ट म्हणजे नंतरचे आयुष्य. तार जागेवरून सरकणे हा या यंत्राचा सर्वांत नेहमीचा उपद्रव. पहिले काही आठवडे वाकणे, पीळ देणे, हात वर करून ताणणे, वजन उचलणे वर्ज्य. वैरणीचा भारा आणि म्हशीचे दूध यांना हे कसे सांगायचे? काही बॅटऱ्या वरून चार्ज कराव्या लागतात, काही काही वर्षांनी संपतात आणि मग डबी बदलायला पुन्हा कापावे लागते, पुन्हा खर्च. एमआरआय काढायचा तर यंत्र कोणते ते आधी पाहावे लागते. आणि एक गोष्ट तर आपल्याकडे जिवाशी येऊ शकेल. कंबर धरली की तालुक्याच्या गावात यंत्राचा शेक देतात, 'करंट लावतात'. त्यातला डायथर्मीचा शेक हे यंत्र बसवलेल्या माणसाला सक्त मना आहे, कारण तार आतल्या आत तापून मज्जारज्जूला इजा होऊ शकते. शेक देणाऱ्या मुलाला हे ठाऊक असेल? मामांना सांगता येईल?

स्पंदने जुळवून देणारा तंत्रज्ञ कोठे बसतो, हाही प्रश्न असाच. यंत्र बसवले म्हणजे काम संपले असे नव्हे. ते पुनःपुन्हा जुळवावे लागते. तो माणूस पुष्कळदा कंपनीचाच असतो, आणि कंपनीची माणसे निपाणीला राहत नाहीत.

कोणी म्हणेल, मुली, ज्याचे जळते त्याला कळते. ज्याला सारे उपाय करून झाले आहेत त्याच्यापुढे तू आकडे काय नाचवतेस? हा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. खरोखर अशी माणसे आहेत की ज्यांचे दुखणे या यंत्राने हलके झाले, जी कामावर परत गेली. मधुमेहाने पाय जळणाऱ्यांसाठीही अमेरिकेत २०२१ मध्ये दहा हजार स्पंदनांच्या यंत्राला मान्यता मिळाली आहे, आणि आपल्याकडे मधुमेही किती आहेत ते घरोघर पाहावे. म्हणजे येत्या काही वर्षांत हे माहितीपत्रक पुष्कळ घरांत येणार. यंत्र नकोच, असे मी म्हणत नाही. मी म्हणते ते इतकेच की 'सारे उपाय करून झाले' हे वाक्य तपासून घ्यावे. मामांच्या कागदपत्रांतही ते वाक्य लिहिले होते, आणि साध्या गोळ्याही झालेल्या नव्हत्या. स्वस्त उपायात कोणाचा फायदा नसतो म्हणून तो कोणी सुचवत नाही, असा माझा आरोप नाही. दहा मिनिटांत तो सुचत नाही, असे म्हणू. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस वेदनेसाठी राखून ठेवला, तेथे शब्द विचारणारा एक डॉक्टर, एक व्यायाम शिकवणारा आणि या गोळ्या एवढे दिले, तर यंत्राच्या दारापर्यंत जाणाऱ्यांची रांग पुष्कळ लहान होईल आणि त्या रांगेत उरतील ते खरोखर यंत्राला योग्य असतील. केरळात कालिकतला १९९३ साली डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असाध्य रोग्यांच्या वेदनांसाठी असेच लहानसे काम मांडले, त्याची पुढे राज्यभर चळवळ झाली. तेथे प्रारंभी यंत्रे नव्हती.

रानाविषयी माझे मत मी घरात स्पष्ट सांगितले आहे. यंदा विकू नये. गोळ्यांची मात्रा अजून वाढवायची आहे, व्यायाम सुरू होऊन दीड महिनाच झाला आहे. सहा महिने जाऊ द्यावेत, मग चाचणी देणारी जागा शोधावी, आणि चाचणीचा खर्च वेगळा विचारून घ्यावा. मामी माझ्या बाजूला आहे. मामेभावाला यंत्र हवे आहे, कारण त्याला रोज रात्री ते कण्हणे ऐकावे लागते आणि मला लागत नाही. मामा म्हणतात, "पाय माझा, रान माझं. ऊस जाऊ दे, मग बघतो." ऊस कारखान्याला जायला अजून अवकाश आहे.

दरम्यान आपण एक काम करू शकतो. या यंत्राविषयी रोग्याने विचारायचे प्रश्न आणि दुखण्याच्या शब्दांची यादी, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कानडी, असे एका कागदाचे पत्रक काढावे असा विचार आहे. कन्नड विभागाच्या संपादिकेशी मी बोलले. 'सेळेत' या शब्दाला मराठीत चमक म्हणायचे की ओढ, यावर आमचा अर्धा तास गेला आणि निर्णय झालेला नाही. ज्यांच्या घरी दुखणाईत माणूस आहे त्यांनी तो माणूस नेमका कोणता शब्द वापरतो तो चिठ्ठीवर लिहून ग्रंथालयात द्यावा. नाव लिहू नये. गावाचे नाव लिहिले तर चालेल, कारण खानापूरकडचे शब्द वेगळे आहेत आणि चिकोडीकडचे वेगळे.